शेवटच्या सहीचा मान

२०२४ साल होतं. आष्टीकडच्या माळावर गुरामेंढरांना पाणी मिळावं म्हणून सुंदररावांनी हौद बांधला होता आणि तो चालवायला ट्रस्ट काढला होता. आता नळ आले, मेंढरं थोडी उरली. हौद एका गोशाळेला देऊन ट्रस्ट बंद करायचं ठरलं. राहिलं होतं ते आयकराचं शेवटचं विवरणपत्र.

ट्रस्टी दोघीच उरल्या होत्या, सुंदररावांच्या सुना. थोरल्या वच्छलाबाई, धाकटी सत्यशीला. आजवरच्या सगळ्या सह्या धाकटीच्या. नोंदणीच्या दिवशी कारकुनानं आधी थोरलीलाच पूर्ण नाव विचारलं होतं. समोर सासरे बसलेले. त्यांच्यादेखत नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? वच्छलाबाईंनी पदर पुढं ओढला तो ओढलाच. कारकून वैतागला. तेवढ्यात मागून सत्यशीला ठणठणीत बोलली, “सत्यशीला सोमनाथ.” झालं! मुख्य ट्रस्टी तीच. तेव्हापासून पोळ्याला हौदात पहिली घागर तिची. लोक ‘सत्यशीलाबाईंचा हौद’ म्हणायचे आणि तोच हौद उपसून घासणाऱ्या वच्छलाबाई आतल्या आत जळायच्या.

“शेवटची सही माझी,” त्यांनी ठरावाच्या दिवशी सांगितलं. “न्हाईतर मी ठरावच होऊ देणार न्हाई.”

“करा की आक्का. मला काय त्याचं?”

हे जास्तच झोंबलं. आपण जन्मभर ज्यासाठी जळलो, ते हिला उष्ट्या ताटासारखं सारता येतं!

कर सल्लागार तेजश्रीच्या ऑफिसात दोघी गेल्या. वच्छलाबाईंचे मालक बंकटराव दाराशी बाकावर टेकले.

“आजी, तुमचं नाव आधारवरून घेतलंय. आता फक्त...”

पण वच्छलाबाई थांबतात कशाच्या! इतक्या वर्षांनी त्यांनी पदर मागं सारला आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बंकट सुंदरराव!”

बंकटराव दचकून उभे राहिले. “कावून वरडली गं? काय झालं?”

“आजी,” तेजश्री हसू दाबत म्हणाली, “इथं नवऱ्याचं नाव लागतच नाही. वडिलांचं लागतं.”

वच्छलाबाई ओशाळल्या. आता सत्यशीला फिदीफिदी हसणार, म्हणून त्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती हसत नव्हती. दारातल्या बंकटरावांकडं बघत होती.

“घ्या आक्का, हौसेनं नाव घ्या,” ती म्हणाली. “तुमचं माणूस ‘ओ’ द्यायला तरी हाय.”

तिचा नवरा सोमनाथ जाऊन बरीच वर्षं झाली होती. सत्यशीलेची ती नजर वच्छलाबाईंच्या ओळखीची होती. पोळ्याला पहिली घागर ओतली जाताना त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत तीच असायची. हिलाही आपला हेवा वाटतो, हे कळून त्यांना क्षणभर लई बरं वाटलं. मग वडिलांचं नाव सांगताना आवाज मात्र बारीक झाला. सहीऐवजी मोबाइलवर ओटीपीचे आकडे आले, तेजश्रीनं ते टाकले आणि ट्रस्ट मिटला.

तेजश्रीनं पुढं नगरला ऑफिस थाटलं. बंकटराव अजून धडधाकट आहेत. बायकोनं नाव घेतल्याचं दिसेल त्याला सांगतात. सत्यशीला लेकीकडं, बबिताकडं बीडला राहते, पण पोळ्याला येते. हौदात पहिली घागर आता गोशाळेच्या अध्यक्षांची सून ओतते. वच्छलाबाई आणि सत्यशीला गर्दीत खांद्याला खांदा लावून उभ्या असतात.

“घागर धरायची तरी रीत हाय का बघा तिला,” सत्यशीला कुजबुजते.

“न्हाई ना,” वच्छलाबाई म्हणतात. “तुझ्यावानी न्हाईच जमत.”