पाचव्या टेबलावरचा दुसरा हात

वास्तुरचनेच्या त्या ऑफिसात सात संगणक होते आणि ते सांभाळायला एकच बाई. कुणाचं काही अडलं की ती टेबलाखाली वाकलेली दिसे, म्हणून सगळे तिला वायरताई म्हणत. एका सोमवारी मॅडमनी, म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाईंनी, तिला बोलावून सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले दोन दिवस सगळे घरून काम करतील. घरी बसून ऑफिसचा संगणक चालवता येईल असं एखादं सॉफ्टवेअर शुक्रवारपर्यंत निवडायचं.

तिने तीन सॉफ्टवेअर तपासायला घेतली. पहिल्यात नकाशाच्या बारीक रेघा थरथरत. नेट जरा मंदावलं की भिंत आधी आणि दार मागाहून येई. दुसरं झकास चालत होतं. त्यात आणखी एक सोय होती: काम करणाऱ्याला पत्ता लागू न देता त्याचा पडदा बघता येत असे. तिसऱ्यात मोबाइलवर आलेला आकडा टाकल्याशिवाय आपलाच संगणक उघडत नसे, आणि दुसरं कुणी डोकावायला आलं तर पडद्यावर तशी पाटी झळके. मॅडमना दुसरं पसंत पडलं. घरी कोण खरंच काम करतं आणि कोण लोळतं, ते कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. वायरताईला ते पटलं नाही, पण तिने शुक्रवारपर्यंत मुदत आहे म्हणून वेळ मारून नेली.

बुधवारी ती प्रत्येक संगणकावर आधीपासून काय काय आहे त्याची यादी करत होती. पाचव्या टेबलावर सरळकाकांचा संगणक. काका तिथले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे आखणारे. पट्टी न लावता हातभर सरळ रेघ ओढायचे, म्हणून हे नाव. काका जेवायला गेले असताना तिला दिसलं, की या संगणकावर दुरून चालवायचं एक सॉफ्टवेअर आधीच बसवलेलं आहे. वर्षभराची नोंदही होती. रोज अकरा ते एक आणि तीन ते पाच कुणीतरी बाहेरून आत येत होतं.

ऑफिसचे नकाशे कुणीतरी चोरून नेतंय, आणि एवढे दिवस आपल्याला गंधही नाही! मॅडमकडे धावत जावं असं वाटलं. पण आधी डोळ्यांनी बघावं, म्हणून ती थांबली.

सव्वातीनला ती नकाशे छापणाऱ्या प्लॉटरचा कागद बदलण्याच्या निमित्ताने काकांच्या मागे जाऊन उभी राहिली. काकांनी चष्मा काढला होता आणि दोन्ही हातांनी ते तो रुमालाने पुसत होते. समोर पडद्यावर बाण सरकत होता. खिडकीची चौकट आखली गेली, मापं लिहिली गेली. काकांचा हात माउसला लागलेलाही नव्हता.

"काका, हे कोण करतंय?" तिने हळूच विचारलं.

काका दचकले नाहीत. त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाले, "माझी लेक."

मग जिन्यात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. वर्षापूर्वी दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आला. कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथेच पुसट. माणूस चालीवरून ओळखू येतो, आकडा वाचता येत नाही. लेक दुसऱ्या गावात असते. तीही हेच काम शिकलेली, पण बाळ झाल्यापासून घरी. बाळ झोपलं की ती घरून हा संगणक जोडून घेते. काका फोनवर कुजबुजत सांगतात, ती आखते. निवृत्तीला चार महिने राहिलेत.

"तेवढे निभावून ने," काका म्हणाले. "तिच्या हातात माझ्यापेक्षा सफाई आहे. कुणाचं काही बिघडलेलं नाही."

वायरताईला हो म्हणावंसं वाटत होतं. नोकरीला लागली तेव्हा नकाशा कसा वाचायचा हे तिला याच माणसाने शिकवलं होतं. पण नवीन सॉफ्टवेअर बसलं की जुनं काढावंच लागणार होतं, आणि यादीवर सही तिची. तिने एकच विचारलं, "तुम्ही एकट्याने कधी काही बदललंत का?"

काका म्हणाले, "एकदा. बाळाला ताप होता. शाळेचा जिना तातडीने हवा होता."

दोघं परत टेबलाशी आले. तिने तो नकाशा उघडला आणि बोट ठेवून पायऱ्या मोजल्या. वरच्या टप्प्यात एक पायरी कमी होती. त्या गाळलेल्या पायरीची सगळी उंची शेवटच्या पायरीवर चढली होती. शाळा सुटल्यावर पोरं धावत उतरणार आणि पहिलंच पाऊल दुप्पट खोल पडणार. नकाशा बांधकामावर जाऊन आठ दिवस झाले होते.

तिने काय दिसलं ते सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. "मी चार वेळा मोजल्या होत्या," ते म्हणाले. मग उठले आणि कुणाचा आधार न घेता मॅडमच्या खोलीत गेले. ती पाठोपाठ जाऊ लागली, तर त्यांनी हाताने थांबवलं.

मॅडमनी आधी बांधकामावर फोन लावला. त्या टप्प्याच्या फळ्या ठोकून झाल्या होत्या, काँक्रीट दुसऱ्या दिवशी पडायचं होतं. काम थांबलं. पुढचे दोन दिवस सगळं ऑफिस वर्षभराचे नकाशे तपासत बसलं. लेकीच्या हातचं एकही चुकलेलं निघालं नाही. तरी काकांना शनिवारपासून येऊ नका असं सांगण्यात आलं. कुणी त्यांना टाकून बोललं नाही; तेच त्यांना जास्त लागलं असावं.

शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, की आता तर दुसरंच सॉफ्टवेअर घ्यायचं, न सांगता बघता येणारं. वायरताई या वेळी बोलली. "काकांचा पडदा चोरून बघितला असता, तर रेघा बरोबरच चाललेल्या दिसल्या असत्या. जिन्याचं त्यांनी स्वतः सांगितलं म्हणून कळलं." मॅडम चिडल्या, पण शेवटी म्हणाल्या, तिसरं घे, पण उद्या काही झालं तर जबाबदारी तुझी. तिने ती घेतली.

आठवड्याने काकांच्या लेकीचा फोन आला. मॅडमनी तिला घरून करण्यासारखं काम देऊ केलं होतं आणि तिने नाही म्हटलं होतं. मागून बाळाचा आवाज येत होता.

"ताई, तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "मी दोष देत नाही. पण आभारही मानवत नाहीत."

वायरताईने काका काय करतात विचारलं. लेक म्हणाली, रोज अकरा वाजता घरच्या संगणकासमोर जाऊन बसतात. तो सुरू करत नाहीत.