टाकलेल्या आईची दिवाळी

"आई, मी तुला कवा टाकलं गं?"

फोनमध्ये परशरामचा आवाज ओळखू येत नव्हता. नागुबाईच्या मांडीवर सूप होतं, सुपात तंबाखू आणि बोटांत अर्धवट वळलेली विडी. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

"काय म्हणालास?"

"टाकलंय म्हणं मी तुला. सणाला लुगडं बी घेत न्हाय म्हणं. फौंड्रीत सगळ्यांच्या मोबाईलवर आलंय. आण्णाप्पा फोरमन चारचौघांत म्हणाला, आईला विचारत न्हाईस आणि हितं माणसासारखा फिरतोस. तू असं बोललीस व्हय?"

"कुणाला बोलली? मी काय बोलली?"

पलीकडून फोन कट झाला. नागुबाईने परत फोन लावला. घंटा वाजत राहिली, पण त्याने उचलला नाही.

परशराम तिचा एकुलता एक मुलगा. बेळगावला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, कामाला; बायकोपोरांसह पिरनवाडीत भाड्याने राहायचा. रोज संध्याकाळी सुट्टी झाली की आईला फोन करायचा. पलीकडच्या खोलीत तिच्यासाठी खाटही घालून ठेवली होती त्याने. नागुबाई एकदा जाऊन राहिली आणि आठवड्यात परत आली. तिथे दुपारी दारं बंद करून बसायचं, बोलायला माणूस नाही. निपाणीत तिची गल्ली होती, विड्या वळणाऱ्या बायका होत्या, दिवसभराच्या गप्पा होत्या. "हातपाय चालत्यात तवर मी हितंच," असं तिनेच त्याला सांगितलं होतं.

कट्ट्यावर शेजारी बसून पानं कातरणाऱ्या रचनाने सगळं ऐकलं होतं. तिने हात पुसले, मोबाईल काढला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, तुमास्नी दाखवावं का नको, कळंना."

"दाखव."

पडद्यावर नागुबाई होती. दिवाळीच्या आधी बाजारातल्या साड्यांच्या एका मोठ्या दुकानाने गल्लीतल्या बायकांना साड्या वाटल्या होत्या, तेव्हाची. काठीला मोबाईल लावलेला एक पोरगेलासा माणूस आला होता, ऋग्वेद नावाचा. गोड बोलायचा. घरी कोण कोण असतं आजी, असं त्याने विचारलं होतं.

व्हिडिओत नागुबाई म्हणत होती, "मी एकटीच ऱ्हाती." मग डोळ्यांना पदर. मागे बासरी वाजत होती. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मुलाने टाकलेल्या आईची दिवाळी'. शेवटी दुकानाचं नाव, पत्ता आणि लग्नाच्या बस्त्यावर खास सवलत.

"माझं पुढचं कुठं गेलं?" नागुबाई म्हणाली. "आमचं मालक, परश्याचा बा, गेल्यापास्नं एकटी ऱ्हाती म्हणाली की मी. पोरगा बेळगावला हाय, लई बोलवतोय, मीच जात न्हाय म्हणाली. आणि रडली ती मालकांच्या आठवणीनं."

"त्यांनी कापलं असंल, मावशी."

खाली लोकांनी लिहिलेलं रचनाला वाचायचं नव्हतं. नागुबाईने वाचायला लावलं. अशा मुलाला चपलेनं मारलं पाहिजे, असं एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने परशरामचं नाव आणि फौंड्रीचं नाव शोधून टाकलं होतं.

नागुबाईने सूप खाली ठेवलं.

ती तडक त्या साड्यांच्या दुकानात गेली. तिथे एका वऱ्हाडाचा बस्ता चालला होता. पांढऱ्या गादीवर शालूंचा ढीग पडला होता. दुकानमालक चिंतामणीशेठ गल्ल्याजवळ बसले होते. त्यांनी नागुबाईला लगेच ओळखलं आणि हात जोडले.

"या आजी! तुमच्या व्हिडिओनं कमाल केली. पार पुण्याहून फोन येताहेत."

"तो काढून टाका," नागुबाई म्हणाली. "माझ्या पोरानं मला टाकलेलं न्हाय."

शेठ गोंधळले. त्यांनी आतल्या खोलीतून ऋग्वेदला बोलावलं. तो दुकानाच्या जाहिरातीचं काम बघायचा. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आजी, आम्ही तुमच्या मुलाचं नाव घेतलेलं नाही. आणि तुम्ही स्वतःच कॅमेऱ्यासमोर बोललाय. नको म्हणाला असतात तर मी काढलाच नसता."

"तू साड्या वाटायचा फोटो काढतो म्हणालास. माझ्या घरावर गोष्ट रचतो म्हणाला न्हाईस."

"पण आजी, वाईट काय झालं? लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून किती मुलांनी आपल्या आईला फोन केला असेल, विचार करा."

"दुसऱ्यांच्या पोरांनी फोन केला असंल. माझ्या पोरानं बंद केलाय."

 ऋग्वेदचा चेहरा एकदम उजळला. "मग असं करू. मुलाला इकडं बोलवा. तो येतो, तुम्हाला जवळ घेतो, गैरसमज झाला होता म्हणतो. दुसरा भाग करू. पहिल्यापेक्षा जास्त लोक बघतील. तुमच्या मुलाचं नावही साफ होईल."

चिंतामणीशेठांनी मान डोलावली. "हे बरंय. त्याला आमच्याकडून शर्ट-पॅंटचं कापड देऊ."

नागुबाई दोघांकडे बघत राहिली. परशराम सहा वर्षांचा असताना गटारीत पडला होता, तर भोवती जमलेल्या पोरांसमोर रडू नये म्हणून त्याने ओठ फुटेस्तोवर दातांखाली धरला होता. त्याला हे लोक मोबाईलसमोर उभं करून रडायला सांगणार होते.

"न्हाय," ती म्हणाली. "माझ्या पोराला मी जवळ घीन न्हायतर बडवीन, ते तुमच्या दुकानात न्हाय. दुसरा नको आणि पहिला बी नको. काढा."

"बघतो. विचार करून सांगतो," ऋग्वेद म्हणाला.

"कर विचार. मी बसती."

आणि ती खरंच बसली. गादीच्या कडेला, नवरीच्या आईशेजारी. कुणाला शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. नवरीच्या आईने कौतुकाने विचारलं, "तुमी त्या व्हिडिओतल्या न्हवं?"

"व्हय, मीच. ते खोटं हाय. माझं पोरगं रोज फोन करतंय मला. ह्यांनी माझं बोलणं अर्धं कापलं आणि वर दुकानाचं नाव लावलं."

नवरीच्या आईच्या हातातला शालू हातातच राहिला. तिने नवऱ्याकडे बघितलं. दारातून एक जोडपं आत आलं, मग कोगनोळीकडच्या तीन बायका आल्या. नागुबाई प्रत्येकाला तेच सांगत होती, त्याच आवाजात. मधे शेठांनी तिच्यासाठी चहा मागवला. तिने तो बाजूला सारला. शेठ जवळ येऊन हळूच म्हणाले, "आजी, धंद्याची वेळ आहे हो."

"माझी बी विड्यांची वेळ हाय, शेठ. मी कुठं हौसेनं बसलीय?"

वऱ्हाड खरेदी अर्धी टाकून उठलं, तेव्हा शेठांनी ऋग्वेदकडे बघून हात उडवला. ऋग्वेदने तिच्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. रचनाला बोलावून तिच्या मोबाईलवर बघायला लावल्याशिवाय नागुबाई हलली नाही.

ती पायरी उतरत असताना ऋग्वेद मागे आला. त्याचा मघाचा उत्साह उतरला होता.

"आजी, आमच्याकडचा काढून टाकलाय. पण लोकांनी तो आधीच घेऊन दुसरीकडं टाकलाय. तो मला काढता येणार नाही. कुणालाच नाही."

"म्हंजी फिरतच ऱ्हाणार?"

त्याने होकारार्थी मान हलवली. नागुबाईने पदर खोचला.

"मग मलाच फिराय पायजे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसने बेळगावला गेली. परशरामला कळवलं नव्हतं, कळवूनही त्याने फोन उचलला नसता. उद्यमबागेत फौंड्रीच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, तसे काळवंडलेले कपडे झटकत कामगार बाहेर आले. परशरामने आईला बघितलं आणि तो जागीच थांबला.

"हितं कशाला आलीस?" त्याने दबक्या आवाजात विचारलं. "आणखी नाटक पायजे व्हय लोकांना?"

"फोरमन कोण ह्यातला?"

"आई, चल हितनं."

"आण्णाप्पा कोण?"

टपरीवर बशीत चहा ओतणारा एक जाडजूड माणूस वर बघू लागला. नागुबाई त्याच्यापुढे गेली. तो कन्नड माणूस असल्याचं परशरामने एकदा सांगितलं होतं. बाजारात बोलून बोलून शिकलेल्या कन्नडमध्ये ती मोठ्याने म्हणाली, "नन्न मग नन्न बिट्टिल्ल री." मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत सांगितलं, "माझ्या पोरानं मला सोडलेलं न्हाय. त्या व्हिडिओत माझं तोंड हाय, पण गोष्ट माझी न्हाय. दुकान चालावं म्हणून रचलीय. काय विचारायचं ते मला विचारा, त्याला न्हाय."

 आण्णाप्पाने बशी खाली ठेवली. "बसा, अव्वा," म्हणत त्याने बाकावरची आपली जागा मोकळी केली. ती बसली नाही.

परशराम तिला रस्त्याच्या कडेला झाडाखाली घेऊन गेला. तो बुटाने माती उकरू लागला.

"एकटी ऱ्हाती, असं तू म्हणालीसच न्हवं?"

"म्हणाली."

"मग लोक म्हणत्यात त्यात काय खोटं हाय?"

"मी एकटी ऱ्हाती, परश्या. तू मला एकटी ठिवल्याली न्हाईस. एवढा फरक तुला कळाय पायजे, बाकीच्यांचं जाऊ दे."

त्याच्या ओठाचा कोपरा दातांखाली गेला. मग तो म्हणाला, "ऱ्हा आज. घरी चल. पोरं खुश हुतील."

"आज न्हाय. आज गेली तर तुझ्या गल्लीतली म्हणतील, व्हिडिओ बघून लाजंनं आणली. दिस जाऊ दे. मग येती, माझ्या मनानं."

तो हसल्यासारखं करून मान हलवत राहिला. भोंगा झाला आणि तो आत गेला. फाटकातून एकदा मागे वळून त्याने हात वर केला.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती, नागुबाई दांडा धरून उभी होती. समोरच्या बाकावर कॉलेजमधली एक मुलगी मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. थोड्या वेळाने तिने वर बघितलं, परत मोबाईलकडे बघितलं, परत नागुबाईकडे. शेजारच्या मैत्रिणीला तिने कोपराने ढोसलं. मोबाईल हळूच वर उचलला जाऊ लागला.

"ते खाली ठिव बाळ," नागुबाई म्हणाली. "व्हय, ती मीच. काय झालं ते तोंडानं सांगती."

मुलीने ओशाळून मोबाईल मांडीवर पालथा घातला आणि सरकून जागा केली. नागुबाई तिच्याशेजारी टेकली. पदर सारखा करून तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा मागे वळला, कंडक्टरही तिकिटाचे पैसे मागायचा थांबला. बस हमरस्त्याला लागली तरी ती सांगतच होती.