रहाडीचा ढोल आणि माझी परीक्षा

मित्रांनो, कपाटावर पोळ्यांच्या डब्याएवढं काहीतरी काळं दिसतंय ना? तोच मी. मी एक जुना प्लॅनर हेडफोन आहे. माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा लोहचुंबकांमध्ये ताणून बसवलाय. तो अख्खा हलतो, आणि पाठीला जाळी आहे, म्हणून माझा आवाज अंगणासारखा मोकळा. वजनाचं मात्र विचारू नका. नाशिक रोडच्या या घरात मी आलो, तेव्हा प्रतिभाआत्या म्हणाल्या होत्या, "वेणू, हे कानाला लावायचं की व्यायामाला?"

वेणूने, म्हणजे वेणीमाधवने, मला फार जपलं. पुढे लग्न होऊन लतिका घरात आली, मग अपूर्वा झाली, आणि मी कपाटावर गेलो. कानाला टेकणाऱ्या माझ्या उशांची सालं निघू लागली.

एके दिवशी नवा प्लॅनर आला. पाठीने बंद, चकचकीत.

"दोन-दोन डबे कशाला?" लतिका म्हणाली. "दोघांची परीक्षा घे आणि हरेल तो मयूरला देऊन टाक."

मयूर म्हणजे वेणूचा मित्र. तो हेडफोन गाडीच्या हँडलला अडकवतो! माझा पडदा थरथरला.

परीक्षेला वेणूने स्वतः केलेलं रंगपंचमीचं रेकॉर्डिंग लावलं. रहाडीवरचं, म्हणजे रंगाने भरलेल्या त्या हौदावरचं. ढोल, धपाधप उड्या, आरडाओरडा. नव्या हेडफोनने ढोल असा वाजवला की वेणूची मान डोलली. मग मी.

"हा अगदीच दबलेला गं," वेणू लतिकाला म्हणाला.

दबणार नाही तर काय! मला जोर जास्त लागतो, आणि या शहाण्याने आम्हा दोघांचा आवाज एकाच खुणेवर ठेवलेला.

तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "समोरच्यांचा स्वराज बघा, आपल्या अपूर्वाएवढाच, पण कसा घडाघडा बोलतो. आपली बाई अजून गप्पच."

लतिकाने अपूर्वाला कडेवर घट्ट धरलं. आत्यांवरचा सगळा राग वेणूवर निघाला. "अरे, एका भाजीत मीठ घालायचं, दुसरीत नाही, आणि चव कसली ठरवतोस? आवाज सारखा कर आधी!"

वेणूने माझा आवाज वाढवला. लतिकाने मला डोक्यावर चढवलं. आता ढोल डावीकडे, उड्या समोर, आत्यांचं "अगं, पोरीला भिजवू नका!" मागून. आणि दोन ठोक्यांच्या मधे, अगदी जवळ, एक इवलासा आवाज: "ढुम."

"वेणू, मागे घे. पुन्हा लाव."

"ढुम." ढोलाच्या प्रत्येक ठोक्यानंतर. त्या दिवशीही अपूर्वा लतिकाच्या कडेवर, रेकॉर्डिंग करणाऱ्या वेणूच्या शेजारीच होती.

नव्यावरही ऐकलं. त्याचा ढोल एवढा घुमायचा की ते "ढुम" त्याच्याखाली झाकून जायचं. शेवटी लतिकाने मला आत्यांच्या अंबाड्यावर बसवलं. त्या कुरकुरल्या, आणि मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"बोलते की गं! आपणच गोंगाट करत होतो."

नवा मयूरकडे गेला. मला नव्या उशा मिळाल्या. आता अपूर्वा माझ्या जाळीवर बोट आपटून "ढुम" म्हणते.

मित्रांनो, मला वायरीला धरून उचलू नका, ओल्या केसांवर चढवू नका. आणि कुणाची कुणाशी तुलना करायचीच असेल, तर आधी आवाज सारखा करा. आमच्यात काहीजण हळू बोलतात.