मधली खुर्ची

भोंग्याला लोक भोंग्या म्हणत ते त्याच्या धंद्यामुळे. सभागृहातले माईक, वायरी, स्पीकर यांचा तो कारभारी. स्वतः मात्र इतका हळू बोलायचा की ताई म्हणे, "याच्या पोटातून शब्द काढायला चिमटा लागतो."

ताई गायची. आणि रविवारी तिच्या गाण्याला जायचं नाही, असं आईने ठरवून टाकलं होतं.

"मला ऐकू येत नाही रे," आई मटार सोलत म्हणाली. "तिचं तोंड हलताना दिसतं, पण आवाज कुठून येतो तेच कळत नाही. विहिरीच्या तळाशी बसून कुणी गातंय असं वाटतं. त्यापेक्षा मी घरी बरी."

"परवा बंद दाराआड मी ताईला म्हणालो, भाजी खारट झालीय. ते बरं ऐकू आलं," भोंग्या म्हणाला.

"ते ऐकू नाही आलं. झोंबलं."

डॉक्टरांनी कान ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. पण आईचं म्हणणं, माणूस सज्जन आहे, म्हातारीचं मन मोडवलं नाही त्याला.

ताईला हे कळलं तेव्हा ती केस विंचरत होती. "मधल्या खुर्चीत आई नसेल तर मी गाणार नाही," ती म्हणाली. ओरडून म्हणाली असती तर भोंग्याने कानामागे टाकलं असतं. शांतपणे म्हणाली, म्हणून त्याचं धाबं दणाणलं.

मधली खुर्ची ही भोंग्याची माया. नवे स्पीकर बसवले त्या दिवशी त्याने दोन्हींपासून दोरी ताणली, गाठी मारल्या आणि बरोबर सारख्या अंतरावर आईची खुर्ची मांडली. सिंहासनसुद्धा कुणी इतकं मापून ठेवलं नसेल. डावीकडून येणारा सूर नि उजवीकडून येणारा सूर आईच्या कानाशी एका क्षणी पोचावेत, जशा दोन लेकी दोन बाजूंनी धावत येऊन गळ्यात पडतात.

शनिवारी तालमीला ताई मंचावर उभी राहिली. आईची समजूत घालायला गेलेला भोंग्या हात हलवत परत आला आणि थकून त्याच खुर्चीत बसला. ताईने पहिली ओळ उचलली.

आवाज आला, पण कसा? पातळ, पोकळ, फुंकर मारून कुणी रंग उडवल्यासारखा. भोंग्याने कान चोळले. उठून दोन खुर्च्या पलीकडे गेला, तर ताईचा गळा भरून वाहत होता. परत बसला, पुन्हा विहीर.

"तुझं काय चाललंय?" ताई गाणं थांबवून म्हणाली. "खुर्चीला ढेकूण आहेत का?"

भोंग्या थेट डाव्या स्पीकरमागे गेला आणि गुडघ्यांवर बसला. लाल वायर काळ्या खुंटीला, काळी वायर लाल खुंटीला. त्याच्याच हातची जोडणी.

"ताई, हा स्पीकर हवा पुढे ढकलतो, तेव्हा तो मागे ओढतो. लाट उचलायची एकाने आणि दाबायची दुसऱ्याने. इतर खुर्च्यांवर दोघं मागेपुढे पोचतात, म्हणून निभावतं. बरोबर मध्यावर मात्र दोघं एकाच वेळी येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात."

"म्हणजे सगळ्या सभागृहात आईलाच तेवढं ऐकू येत नव्हतं?"

"दोरीने मापून बसवलं होतं मी तिला," भोंग्या म्हणाला, आणि मग दोघंही मंचाच्या कडेला बसून पोट धरून हसली.

वायरी बदलायला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. आईला आणायला मात्र संध्याकाळ गेली. "यांत्रिक कारणं मला सांगू नका," म्हणत ती आली, पदर सावरून मधल्या खुर्चीत टेकली.

ताई गायली. आवाज उठला आणि आईच्या अंगावरून गेला तशी तिची पाठ खुर्चीवरून सुटली. डोळे मिटले. शेवटच्या ओळीपर्यंत ती हललीसुद्धा नाही.

भोंग्या जवळ आला. "आलं ऐकू?"

"आलं," आई म्हणाली. डोळ्यांच्या कडा तिने पदराने टिपल्या, मग मंचाकडे वळून सांगितलं, "बाळ, तिसऱ्या कडव्यात घसरतेस. आजवर कळलं नव्हतं, म्हणून बोलले नाही."

ताईने भोंग्याकडे पाहिलं. "वायरी पुन्हा उलट्या कर रे."

"आता नाही करायच्या," आई म्हणाली. "उद्या मी लवकर येऊन बसणार आहे."