कच्चे टाके

अनाथ मुलींच्या संस्थेसाठी शिवलेले झगे इस्त्रीला घेतले आणि शिंपीणबाईंचं डोकंच सणकलं. एकाही झग्याची खालची पट्टी पक्की नव्हती. नवऱ्याने सगळीकडे नुसते कच्चे टाके घालून ठेवले होते.

"अहो, हे दान द्यायचे कपडे! ट्रायलला कोण येणार आहे, तुमचे सासरे?"

"अंगावर घालून बघितल्याशिवाय मी पट्टी पक्की करत नाही," शिंपीबुवा शांतपणे म्हणाले. "जन्मात केली नाही."

जित्याची खोड, दुसरं काय! धुसफुसत का होईना, बाई गाठोडं उचलून त्यांच्यासोबत संस्थेत गेल्या. तिथे शिंपीबुवांनी जमिनीवरच बैठक मारली आणि टाचण्यांची डबी उघडली. कुणाचा तरी जुना, ढगळ सदरा घातलेली एक मुलगी पुढे आली. तिने झगा चढवला.

"काखेत काचतंय का गं? लांबी गुडघ्यापर्यंत ठेवू की खाली?" शिंपीबुवांनी विचारलं.

पोरीने मागे वळून बघितलं. बाईंना वाटलं, लाजली असेल.

मग तिने हळूच विचारलं, "मी सांगायचं?"

बाईंनी मुकाट्याने सुईत दोरा ओवला आणि सुई नवऱ्याच्या हातात दिली.