चौथा कोपरा

हळकुंड पद्माच्या तळहातावर होतं — आत्ताच प्लॉटच्या कोपऱ्यातल्या मातीत सापडलेलं, करंगळीएवढं, सुरकुतलेलं, एका टोकाला माती घट्ट बसलेली. पूजेतलं असेल. असेलच, परवा याच कोपऱ्यात पायाभरणी झाली, हळकुंड, सुपारी, पंचरत्न, सगळं गुरुजींनी कमरेइतक्या खड्ड्यात ठेवलं आणि वर माती लोटली. पण ते हळकुंड पिवळंधमक होतं, तिनेच ताटात ठेवलेलं, आणि हे काळपट, जुनाट... की दोन दिवस मातीत राहिलं म्हणून? तिने नखाने खरवडलं. आतून पिवळं निघालं. त्याने काहीच ठरत नव्हतं.

हरिपूर रस्त्यावरचा हा प्लॉट घेतला तेव्हा शेजारच्या मेहरुनबी सहज म्हणाल्या होत्या, "इथं आमच्या सासऱ्यांच्या टायमाला हळदीची पेवं होती की. कुठं नेमकी, ते आता कोण सांगणार? तोंडं बुजवली सगळी." पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार, तोंड अरुंद, आत हा एवढा घेर. लहानपणी कुंडल गावाहून इथल्या मामाकडे आली असताना तिने एक उघडताना पाहिलं होतं — आधी कंदील सोडला, तो विझला, आणि काठावरची माणसं एकदम गप्प झाली. त्या गप्पपणाला हळदीचा वास होता.

किल्लारीच्या भूकंपानंतर सगळेच पायाबद्दल बोलायला लागले होते. इंजिनिअरांनी सांगितलं होतं, काळ्या मातीवर घर उभं करू नका, चारी कोपऱ्यांत खणून बघा, मुरूम लागला पाहिजे. पण मुहूर्त आधीचा निघाला. पूजा ईशान्येच्या कोपऱ्यात झाली आणि पूजलेल्या जागी पुन्हा कुदळ लावायची नाही, हे अप्पांनी, तिच्या सासऱ्यांनी, कुणी विचारायच्या आतच ठरवलं. मग तीनच कोपरे खणले. तिन्हीत छातीइतक्यावर मुरूम. चौथा धरून चालायचा. आज दगडाचा ट्रॅक्टर यायचा होता. आणि नकाशात चौथ्या कोपऱ्यावर तिची आणि लेकीची, ओवीची, निजायची खोली — नवऱ्याची, सुमंतचीही, पण तो साताऱ्याला बँकेत, शनिवारी रात्री येणार आणि रविवारी झोपणार.

पूजेत अप्पांनी कलशातलं पाणी खड्ड्यात ओतलं, ते बघता बघता दिसेनासं झालं. "वास्तूने घेतलं हो पाणी! शुभ आहे," गुरुजी म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. पद्मानेही जोडले... आणि जोडलेल्या हातांआडून बघत राहिली, हात धुतल्याचं पाणी तिकडे काळ्या मातीवर अजून चमकत होतं, मग हे गेलं कुठे?

फोनवर सुमंतला सांगितलं तर तो हसला. "पडद्यासारखं तर नाही ना गं?" ओवी तान्ही असताना तिचे डोळे पिवळे दिसतात म्हणून पद्मा भर उन्हात रिक्षा करून दवाखान्यात धावली होती. डॉक्टरांनी पोर उजेडात धरली आणि विचारलं, घरात पडदा पिवळा आहे का हो? होता. ती गोष्ट सुमंत पाहुण्यांना फार छान सांगायचा. तीही हसायची. हसता हसता ओवीचा श्वास मोजत असायची.

"तात्याबा, इथेही खणून बघा ना थोडं."

खणणाऱ्यांचा म्होरक्या तात्याबा सावलीत तंबाखू मळत होता. "आवं वहिनी, तीन कोपऱ्यांत मुरूम लागलाय. चौथा काय पाकिस्तानात हाय व्हय?" बाकीचे हसले. मग तो जरा मऊ झाला. "तितं देव बसवलाय. कुदळ लावली तर अप्पा माझ्याच पायाव लावतील. त्यास्नी व्हय म्हनू द्या, लगेच खनतो."

तेवढ्यात अप्पांची लुना फाटकाशी थांबली. "अगं, उन्हात पोरीला घेऊन काय उभी राहिलीस?"

"अप्पा, इथे पेव असलं तर?"

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "पडदा बदललास ना गं?" ते म्हणाले, आणि तात्याबा काही माहीत नसताना हसला. मग अप्पा बुजवलेल्या खड्ड्याच्या काठाशी येऊन उभे राहिले. "खणू. तू म्हणत असशील तर खणू. पण निघालं नाही काही, तर पूजा परत, मुहूर्त परत, आणि सासूबाईंना तू सांगायचंस. बोल. खणायचं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. ओवी झाल्यापासून एवढी माणसं एकदम तिच्या शब्दासाठी थांबलेली तिला आठवत नव्हती. आणि तेवढ्यात तिला स्वतःच्या आत चाललेलं काहीतरी ऐकू आलं — निघू दे, असं ती म्हणत होती. निघू दे पेव, खोल, पोकळ, माझ्या पोरीच्या अंथरुणाखाली... म्हणजे या घरात एकदा तरी कुणी म्हणेल, पद्मा, तुझं बरोबर होतं.

ओवीने तिच्या गळ्यात तोंड खुपसलं, ओलसर, निर्धास्त. पद्माने तिला घट्ट धरलं आणि त्या घट्ट धरण्याचीच तिला लाज वाटली. 'हो' म्हणायला ओठ उघडले होते. पण ते हो कुणासाठी, हे सकाळी इतकं स्वच्छ ठाऊक असलेलं आता तिला सापडेना, आणि समोर अप्पा टोपी काढून, घाई न करता, मानेवरचा घाम पुसत होते.