वीणेचा खांदा

सप्ताह निम्मा सरला होता. मानपाड्यामागच्या त्या गावात एकदा सप्ताह बसला की वीणा सांगतेपर्यंत जमिनीला टेकवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. मग समोर बाप असो की लेक. दुपारचा पहारा काळुरामचा. जेवणं उरकून माणसं पांगलेली, कीर्तनाला अजून अवकाश. देवळात देव आणि वीणेकरी, दोघंच. काळुरामला हाच पहारा आवडायचा.

बाहेर पिंपळाच्या पारावर त्याचा मुलगा रतन मेडिक्लेमचा फॉर्म भरत बसला होता. रतन डोंबिवलीला बी. कॉम. करत होता. इंग्रजी वाचणारा घरात तो एकटा, म्हणून विमा कोणता घ्यायचा हे त्यानेच ठरवायचं होतं. विद्यार्थ्यांसाठीची पॉलिसी स्वस्त होती, पण त्याच्या एकट्यापुरती. दुसरी महाग, पण तिच्यात आईबाप दोघं येत होते. मागल्या वर्षी नाथाकाकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं नि त्यांचं शेत गेलं. काका वाचले, आता त्याच शेतात उभ्या राहणाऱ्या इमारतीची राखण करतात. रतनच्या घरचं शेत तेवढं उरलं होतं. त्याने महागडी निवडली.

"पटापट लिही," चुलतभाऊ चांगदेव म्हणाला. तो विम्याचा एजंट. "ऑफिस बंद व्हायच्या आत टाकतो. बी.पी. नाही, शुगर नाही. अरे, मुलीकडच्यांना स्थळ सांगतात ना, मुलगा सुपारीही खात नाही, तसं लिहायचं."

रतन हसला. पुढचा प्रश्न वाचला आणि त्याचं पेन थांबलं. छातीत, डाव्या खांद्यात किंवा हातात कधी दुखतं का?

बाबांचा डावा खांदा दिवाळीपासून दुखत होता. लपवायचं असं त्यात काहीच नव्हतं. आई, सगुणा, रोज तेल चोळायची. म्हातारे कौतुकाने म्हणायचे, "वीनेचा खांदा हाय तो, देवाने दिलेला." बाबाही ते मिरवायचे. पण दिवाळीत कुठे होती वीणा गळ्यात? परवा फाट्यावरून चालत येताना बाबा मध्येच खांदा धरून थांबले होते, घामाने निथळत. नाथाकाकांनीही आधी खांदाच धरला होता.

"चांगदादा," रतन म्हणाला, "बाबांचा खांदा..."

चांगदेवने ऐकून घेतलं. त्याची थट्टा संपली. "हे लिहू नकोस."

"आणि डॉक्टर?"

"आज नेलंस तर डॉक्टर कागदावर आणणार. मग हा आजार आधीचा ठरला, त्याची दमडी मिळायची नाही. पॉलिसी घेतल्यावरही पहिल्या महिन्यातलं आजारपण धरत नाहीत. महिनाभर कळ काढ, मग खुशाल ने."

"महिन्यात काही झालं तर?"

चांगदेवने घड्याळाकडे पाहिलं नि लुनाची किल्ली काढली.

रतनने देवळात पाहिलं. वर पंखा गरगरत होता, मार्गशीर्षाचा गारवा होता, तरी बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता. आता महिनाभर या पाठीकडे बघायचं, आईला तेल चोळू द्यायचं आणि गप्प राहायचं? तो उठला. नळावर पाय धुऊन आत गेला.

"बाबा, आता दुखतंय?"

काळुरामने डोळे उघडले. "वीना गल्यात हाय रे. मना खोटा बोलाया लावू नको."

"म्हणजे दुखतंय."

"हात पन जड झालाय. पहारा संपू दे, मंग बघू."

"पहारा मी करतो. द्या इकडे."

आधी पाया पडायचं ते घाईत राहूनच गेलं, त्याने सरळ वीणा घेऊन गळ्यात अडकवली. काळुराम मात्र रिवाजाप्रमाणे लेकाच्या पायांशी वाकला. वाकला तो वर आलाच नाही. रतनच्या घोट्याभोवती त्याची बोटं आवळली.

"बाबा! चांगदादा, रिक्षा!"

रिक्षा पाराशी आणून चांगदेव चपलांसकट देवळात धावला. महाप्रसादाच्या चुलीवरून सगुणा आली, पिठाच्या हातांनी. नवऱ्याला बघून घराकडे पळाली आणि तेलाची बाटली घेऊनच रिक्षात चढली.

"मी येतो," रतन ओरडला. पण बाबांना धरून चांगदेव रिक्षात बसला होता, वीणा घ्यायला दुसरं कोणी नव्हतं.

"तू थांब. कोणी आला की दे नि ये," चांगदेव म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "डॉक्टरला काय सांगू?"

दुखणं जुनं असल्याचं कागदावर आलं की विमा गेला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"दिवाळीपासून दुखतंय म्हणून सांग. सगळं सांग. काही ठेवू नकोस."

रिक्षा गेली. पारावरचा फॉर्म वाऱ्याने उलटला, पिंपळाच्या मुळाशी अडकला.

रतन उभा राहिला. तारेवर बोट फिरेना. फिरलं तेव्हा नाम सुरात लागेना. शेत जाईल, जाऊ दे. घोट्याला अजून बोटं जाणवत होती. बाबा त्याच्या पाया पडले होते. तो त्यांच्या पडला नव्हता.

"तेवढं राहिलंय माझं," तो विठोबाला म्हणाला. "तेवढ्यासाठी तरी त्यांना परत आण."